चाकणचा वेढा (१६६०)

चाकणचा वेढा (२१ जून ते १५ ऑगस्ट १६६०) हा मुघल साम्राज्याचा दख्खनचा सुभेदार शाइस्ताखान याने चाकण येथील संग्रामदुर्ग या भुईकोट किल्ल्याला घातलेला वेढा होता. किल्ल्याचे रक्षण छत्रपती शिवाजी महाराजांचे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी केले. ऐन पावसाळ्यात सुमारे ५६ दिवस हा वेढा चालला. १४ ऑगस्ट रोजी मुघलांनी सुरुंग लावून किल्ल्याचा एक बुरूज उडवला व दुसऱ्या दिवशी किल्ला त्यांच्या हाती पडला. किल्ला मुघलांनी जिंकला असला, तरी एका लहान भुईकोटासाठी मोजावी लागलेली किंमत पाहता मराठ्यांच्या डोंगरी किल्ल्यांवर थेट हल्ले करण्याचा मार्ग किती खर्चिक ठरेल, याची जाणीव या वेढ्याने करून दिली. या कारणाने शाइस्ताखानाच्या तीन वर्षांच्या दख्खन मोहिमेत चाकणच्या वेढ्याला विशेष महत्त्व दिले जाते.

चाकण हे गाव पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात, पुणे–नाशिक मार्गावर, पुण्याच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या औद्योगिक पट्ट्याचे ते आज एक प्रमुख केंद्र आहे.

पार्श्वभूमी

नोव्हेंबर १६५९मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेल्यानंतर शिवाजी महाराजांनी वाईपासून कोल्हापूरपर्यंतचा आदिलशाही मुलूख व पन्हाळगड ताब्यात घेतला. त्यास उत्तर म्हणून आदिलशाहीने सिद्दी जौहर याला पाठवले. मार्च १६६०पासून शिवाजी महाराज स्वतः पन्हाळगडावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते.

याच सुमारास उत्तरेकडून मुघलांचे आक्रमण सुरू झाले. वारसायुद्धात विजय मिळवून तख्तावर बसलेल्या औरंगजेबाने १६५९मध्ये आपला मामा शाइस्ताखान याची दख्खनच्या सुभेदारीवर नेमणूक केली होती. शाइस्ताखान हा मुमताज महल हिचा भाऊ व दरबारातील ज्येष्ठ उमराव होता. त्याला ‘अमीर-उल-उमरा’ हा किताब होता. फेब्रुवारी १६६०च्या अखेरीस तो मोठी फौज घेऊन अहमदनगरहून निघाला आणि सुपे, बारामती, शिरवळ, शिवापूर व सासवड या मार्गाने ९ मे १६६० रोजी पुण्यात पोहोचला. मराठ्यांच्या तुकड्यांनी वाटेत त्याच्या फौजेला त्रास दिला, परंतु समोरासमोर मोठी लढाई दिली नाही.

अशा रीतीने १६६०च्या उन्हाळ्यात स्वराज्यावर दोन दिशांनी एकाच वेळी संकट आले होते. राजा दक्षिणेत वेढ्यात आणि जहागिरीचे मूळ गाव पुणे शत्रूच्या ताब्यात, अशी ही स्थिती होती. १३ जुलैच्या सुमारास शिवाजी महाराज पन्हाळगडाच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाला पोहोचले. या प्रसंगात घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांना वीरमरण आले. तोपर्यंत चाकणच्या वेढ्याला तीन आठवडे उलटून गेले होते. पुण्यासभोवती पसरलेल्या मुघल फौजेला भेदून चाकणला कुमक पोहोचवणे मराठ्यांना त्या काळात शक्य झाले नाही. किल्ला स्वतःच्या बळावरच लढला.

किल्ला व त्याचे स्थान

चाकण हे भामा व इंद्रायणी या नद्यांच्या दरम्यानच्या सपाट प्रदेशात वसलेले आहे. पुण्याहून जुन्नर व नाशिककडे जाणारी वाट येथून जाते. अहमदनगरकडून पुण्याकडे व पुढे घाटांतून कोकणात उतरणाऱ्या वाटांवरही या ठाण्यावरून नजर ठेवता येत असे. शाइस्ताखानाची रसद अहमदनगरच्या बाजूने येत होती. चाकण ताब्यात आल्यास रसदेचा मार्ग जवळचा व निर्धोक होईल, हा त्याचा मुख्य हेतू होता.

या स्थानामुळेच चाकणला पूर्वीपासून लष्करी महत्त्व होते. पंधराव्या शतकाच्या मध्यास बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने कोकणच्या मोहिमेसाठी चाकण येथे आपला तळ केला होता. ही मोहीम कोकणच्या जंगलात शिर्के व खेळण्याचा राजा यांनी उधळून लावली. उरलेले सैन्य चाकणला परतल्यावर बहमनी दरबारातील दख्खनी व परदेशी सरदारांच्या वैरातून तेथे परदेशी सरदारांची मोठी कत्तल झाली. निजामशाहीच्या काळात पुणे व सुपे परगण्यांसह शिवनेरी व चाकण ही ठाणी मालोजी भोसले यांच्याकडे देण्यात आल्याचे परंपरा सांगते.

शहाजीराजांच्या जहागिरीत चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळा यांच्या ताब्यात होता. १६४७मध्ये दादोजी कोंडदेव यांच्या मृत्यूनंतर फिरंगोजी शिवाजी महाराजांना येऊन मिळाले. महाराजांनी त्यांना किल्लेदारीवर कायम ठेवले व आसपासच्या गावांचा वसूलही त्यांच्याकडे सोपवला.

किल्ला आकाराने जवळपास चौरस होता. कोपऱ्यांवर व तटाच्या मध्यभागी बुरूज, भोवती खंदक आणि पूर्वेकडे एकामागून एक दरवाजे असलेला प्रवेशमार्ग अशी त्याची रचना होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इतिहासकार जेम्स ग्रँट डफ याने दिलेल्या वर्णनानुसार खंदक सुमारे ३० फूट खोल व १५ फूट रुंद होता आणि पूर्वेच्या प्रवेशमार्गावर पाच-सहा दरवाजे होते. मुख्य तटाबाहेर मातीच्या जुन्या तटबंदीचे अवशेषही होते.

भुईकोटाची बलस्थाने व उणिवा या वेढ्यात स्पष्टपणे दिसल्या. डोंगरी किल्ल्याला कडा व चढ हेच मोठे संरक्षण असते. सपाटीवरील किल्ल्याचा सारा भार तट, खंदक आणि शिबंदी यांवर असतो. तोफा व दारूगोळा तटाजवळ आणणे शत्रूला सोपे जाते. मुख्य म्हणजे मातीच्या जमिनीतून तटाखालपर्यंत भुयार खणता येते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर उभ्या असलेल्या किल्ल्यांबाबत हे काम अतिशय कठीण होते.

वेढ्याचा आरंभ

शाइस्ताखान १९ जून १६६० रोजी पुण्याहून निघाला व २१ जून रोजी चाकणजवळ पोहोचला. किल्ल्याची पाहणी करून त्याने फौजेचे भाग पाडले आणि चारही बाजूंना मोर्चे नेमून दिले. उत्तरेकडील मोर्चा त्याने स्वतःच्या हाताखाली ठेवला.

मुघल फौजेची वेढ्याची पद्धत ठरलेली होती. प्रथम किल्ल्याभोवती खंदक खणून व मातीचे बांध घालून मोर्चे उभारले जात. त्यानंतर ‘दमदमा’ म्हणजे माती, लाकूड व दगड रचून केलेला उंच चौथरा बांधून त्यावर तोफा चढवत, म्हणजे तटावरील माणसे माऱ्याच्या टप्प्यात येत. या माऱ्याच्या आडोशाने नागमोडी खंदक पुढे सरकवत तटाजवळ नेले जात. तोफांनी तटाला खिंडार पडत नसेल, तर शेवटचा उपाय सुरुंगाचा असे. चाकणला हे सर्व उपाय योजण्यात आले.

किल्ल्यातून तोफा व बंदुकांचा सतत मारा चालू होता. खाफीखान या इतिहासकाराच्या वर्णनानुसार किल्ल्यातील लोक रात्री बाहेर पडून मोर्च्यांवर छापे घालत व खणणाऱ्यांना कामात अडथळा आणत. पावसाळा हा शिबंदीचा मोठा साथीदार ठरला. अखंड पावसात खणलेले खंदक पाण्याने भरत, बांध खचत, बंदुकीची दारू सर्द होई व फौजेला दाणावैरण मिळवणे जड जाई. एरवी मुघल फौजा पावसाळ्यात छावणी करून राहत असत. शाइस्ताखानाने मात्र पावसाळा संपण्याची वाट न पाहता वेढा चालू ठेवला.

सुरुंग

उघड माऱ्याने किल्ला पडत नाही, हे ध्यानी आल्यावर सर्व भिस्त सुरुंगावर राहिली. जदुनाथ सरकार यांनी मुघल साधनांच्या आधारे दिलेल्या वृत्तांतानुसार शाइस्ताखानाच्या उत्तरेकडील मोर्च्यापासून किल्ल्याच्या ईशान्य कोपऱ्यातील बुरुजाखालपर्यंत भुयार खणण्यात आले आणि वेढ्याच्या आरंभापासून हे काम तडीस जाण्यास ५४ दिवस लागले.

सुरुंगाचे काम धोक्याचे व कौशल्याचे असे. भुयार खणणाऱ्यांना खंदकाच्या तळाखालून, आतल्या पहाऱ्याला चाहूल लागू न देता पुढे सरकावे लागे. दिशा किंवा अंतर चुकले तर दारू तटाच्या अलीकडेच पेटून वाया जाई. बुरुजाच्या पायाखाली पोकळी करून तीत दारू ठासली जाई, भुयाराचे तोंड माती-दगडांनी घट्ट बंद केले जाई आणि वातीने बत्ती दिली जाई. तोंड नीट बंद केलेले नसले तर स्फोटाचा जोर मागे भुयारातून निघून जाई आणि बुरूज तसाच उभा राही. चाकणसारख्या ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये भुयारात पाणी शिरण्याचा व दारू भिजण्याचा धोका सतत होता.

१४ ऑगस्ट १६६० रोजी दुपारी तीनच्या सुमारास सुरुंगाला बत्ती देण्यात आली. बुरूज त्यावरील रक्षकांसह उडाला. दगड, विटा व माणसे आकाशात उडाल्याचे सांगताना खाफीखानाने कबुतरांची उपमा वापरली आहे.

अंतिम हल्ला व शरणागती

स्फोट होताच आधीच सज्ज असलेल्या मुघल तुकड्या ढाली पुढे धरून खिंडाराकडे धावल्या. परंतु खिंडारातून आत शिरल्यावर त्यांना मोकळा किल्ला मिळाला नाही. सुरुंगाचा संभव ओळखून फिरंगोजींनी बुरुजाच्या आतल्या बाजूस मातीचा उंच बांध घालून दुसरी संरक्षक फळी तयार ठेवली होती. शिवाय आत ठिकठिकाणी मोर्चे बांधलेले होते. या बांधाआडून मराठ्यांनी बाण, बंदुका, हुक्के व दगड यांचा मारा केला. दारू भरलेल्या नळ्यांच्या अग्निबाणांना त्या काळी ‘बाण’ म्हणत, तर ‘हुक्के’ म्हणजे हाताने फेकायचे दारूचे गोळे होत. दिवस मावळेपर्यंत लढाई चालली व मुघलांची मोठी हानी झाली.

मुघल सैन्य मात्र मागे हटले नाही. पडलेल्या बुरुजाच्या ढिगाऱ्यातच त्यांनी रात्र काढली. १५ ऑगस्टच्या सकाळी पुन्हा हल्ला करून त्यांनी आतील बांध ओलांडला व किल्ल्याचा मुख्य भाग घेतला. उरलेली शिबंदी बालेकिल्ल्यात गेली. कुमकेची आशा नव्हती, बुरूज पडलेला होता आणि बालेकिल्ला फार काळ टिकण्यासारखा नव्हता. या स्थितीत फिरंगोजींनी बुंदीचा हाडा राजपूत राजा राव भावसिंह याच्या मध्यस्थीने बोलणी केली व किल्ला स्वाधीन केला. शिबंदीला बाहेर पडू देण्यात आले.

ग्रँट डफने दिलेल्या हकिकतीनुसार शाइस्ताखानाने फिरंगोजींच्या शौर्याचा मान राखून त्यांना मुघल नोकरी देऊ केली. ती त्यांनी नाकारल्यावर खानाने त्यांना शिवाजी महाराजांकडे जाऊ दिले.

हानी

जदुनाथ सरकार यांनी मुघलांकडील २६८ ठार व ६०० जखमी असा आकडा दिला आहे. ग्रँट डफने ठार व जखमी मिळून सुमारे ९०० असे म्हटले आहे. खाफीखान शेवटच्या हल्ल्यात ३०० ठार आणि ६०० ते ७०० जखमी असे सांगतो. सुरुंग खणणारे व वेढ्याच्या इतर कामांवरील माणसे त्याने या ठार झालेल्यांत धरलेली नाहीत. तिन्ही आकडे परस्परांच्या जवळ आहेत. मुघल बाजूच्याच लेखकांनी ही हानी मान्य केलेली असल्याने अभ्यासक ती विश्वसनीय मानतात.

परिणाम

किल्ला घेतल्यानंतर शाइस्ताखानाने आत जाऊन पाहणी केली आणि उझबेकखान याला किल्लेदार नेमले. चाकणचे नाव पुढे बदलून ‘इस्लामाबाद’ ठेवण्यात आले. हे नाव लोकांत रुजले नाही.

लष्करी दृष्टीने मुघलांना अपेक्षित लाभ झाला. अहमदनगर–पुणे रसदमार्गावरचा अडसर दूर होऊन पुण्याच्या उत्तरेचा सपाट मुलूख त्यांच्या ताब्यात आला. परंतु किल्ल्याचा आकार, त्याचे सपाटीवरील स्थान आणि बाहेरून मदत मिळण्याची अशक्यता या तिन्ही गोष्टी आक्रमकाला अनुकूल असूनही त्याला जवळजवळ दोन महिने लागले. राजगड, सिंहगड, पुरंदर यांसारखे डोंगरी किल्ले अद्याप मराठ्यांकडे होते व त्यांची संख्या मोठी होती.

यानंतरच्या काळात शाइस्ताखानाने मराठ्यांच्या मोठ्या डोंगरी किल्ल्यांना वेढे घालण्याऐवजी इतर मार्गांवर भर दिला. त्याच वर्षी आदिलशाहीचा परांडा हा बळकट भुईकोट त्याने तेथील किल्लेदाराशी बोलणी करून, लढाईविना मिळवला. १६६१च्या आरंभी कारतलबखानाची फौज घाटाखाली कोकणात पाठवण्यात आली. ती फेब्रुवारी १६६१मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी अडवून शरण आणली. त्यानंतर मुघलांनी कल्याण घेतले, तरी डोंगरी मुलखावर त्यांची पकड बसली नाही. ५ एप्रिल १६६३च्या रात्री शिवाजी महाराजांनी पुण्यात लाल महालावर छापा घातला. त्यात शाइस्ताखानाची बोटे तुटली व लवकरच त्याची बंगालला बदली झाली.

मराठ्यांच्या दृष्टीने चाकणचा पाडाव हे नुकसान होते. तथापि शाइस्ताखानाच्या फौजेचा एक संपूर्ण पावसाळा या एका किल्ल्यापाशी खर्च झाला. पन्हाळगडाहून सुटून आलेल्या शिवाजी महाराजांना सावरण्यासाठी व नवी आखणी करण्यासाठी जो अवधी हवा होता, त्यातील काही भाग चाकणच्या शिबंदीने मिळवून दिला.

फिरंगोजी नरसाळा

चाकण गमावल्यानंतरही फिरंगोजींवरील शिवाजी महाराजांचा विश्वास कमी झाला नाही. महाराजांनी त्यांचा सन्मान केला व पुढे भूपाळगडाची किल्लेदारी त्यांच्याकडे दिली. सांगली जिल्ह्यातील हा किल्ला बाणूरगड या नावानेही ओळखला जातो. १६७९मध्ये दिलेरखानाने भूपाळगडावर हल्ला केला, तेव्हा युवराज संभाजीराजे मुघल छावणीत होते. समोर युवराज असल्यामुळे फिरंगोजींची कोंडी झाल्याचे मराठी परंपरा सांगते. भूपाळगड त्या वेळी मुघलांनी घेतला.

वेढ्यांचे चित्रण

चाकणचा वेढा प्रामुख्याने शब्दांतून ज्ञात आहे. तथापि सुरुंगाने तट उडवण्याचा प्रसंग मुघल दरबारी चित्रकारांच्या आवडीच्या विषयांपैकी एक होता, आणि त्यांची चित्रे चाकण येथे योजलेल्या तंत्राची कल्पना येण्यास उपयुक्त ठरतात. ही चित्रे अपारदर्शक जलरंगांत काढलेली आहेत. खनिज व वनस्पतिजन्य रंग घोटून डिंकात कालवत, घोटीव कागदावर त्यांचे थर देत आणि शेवटी सोन्याचे काम करत.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील ‘अकबरनामा’च्या हस्तलिखितात १५६७-६८च्या चितोडच्या वेढ्याचे दोन पानांवर पसरलेले चित्र आहे. त्याचा आराखडा मिस्किना या चित्रकाराचा असून रंगकाम अन्य चित्रकारांनी केले आहे. तटाखाली लावलेल्या दोन सुरुंगांपैकी एक आधी व दुसरा उशिरा उडाल्यामुळे खिंडाराकडे धावलेले मुघल सैनिकच मारले गेले, तो हा प्रसंग होय. तोफा ओढणारे बैल, तटाकडे जाण्यासाठी उभारलेली झाकलेली वाट, काम करणारे गवंडी व बेलदार आणि उडणारी माणसे असे वेढ्याचे सारे अंग या चित्रात एकत्र दिसते.

महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या वेढ्यांची चित्रे शाहजहानच्या काळातील ‘पादशाहनामा’ या हस्तलिखितात आहेत. अवधच्या नवाबाने १७९९मध्ये ते इंग्लंडच्या राजासाठी भेट दिले व आज ते विंडसर किल्ल्यातील राजसंग्रहात आहे. त्यात पयाग या चित्रकाराने काढलेले १६३१मधील कंधारच्या वेढ्याचे चित्र आहे. हे कंधार म्हणजे अफगाणिस्तानातील शहर नसून नांदेड जिल्ह्यातील भुईकोट किल्ला होय. मुघल सरदार नसिरीखान याने तो घेतला. त्याच हस्तलिखितात मुरार या चित्रकाराचे १६३३मधील दौलताबादच्या वेढ्याचे चित्र आहे. महाबतखानाने दौलताबादच्या बाहेरील तटबंद्या सुरुंगांनी फोडल्या होत्या. कंधार व चाकण हे दोन्ही किल्ले सपाटीवरचे, खंदकाने वेढलेले असल्याने कंधारचे चित्र चाकणच्या अभ्यासकाला विशेष जवळचे वाटते.

ही चित्रे पाहताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. ती विजेत्याच्या दरबारात, विजयाची नोंद म्हणून, इतिहासग्रंथाच्या मजकुराला धरून तयार झाली. प्रसंगाच्या जागी बसून केलेली ती नोंद नव्हे. फौजेबरोबर फिरून रणभूमीची रेखाटने करणारा चित्रकार दख्खनच्या युद्धांत ठळकपणे दिसतो तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९१-९२च्या मोहिमेत कॉर्नवॉलिसच्या फौजेबरोबर रॉबर्ट होम हा चित्रकार होता. या मोहिमेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या नेतृत्वाखालील मराठा फौजाही सहभागी होत्या. दरबारी चित्रात पडलेला तट हे विजयाचे चिन्ह असते. आतून बांध घालून लढणाऱ्या शिबंदीची बाजू अशा चित्रांतून क्वचितच कळते. चाकणच्या बाबतीत ती बाजू मुघल लेखकांनी नोंदवलेल्या दुसऱ्या तटबंदीवरून व त्यांच्याच हानीच्या आकड्यांवरून उभी करावी लागते.

ऐतिहासिक साधने

वेढ्याची तपशीलवार माहिती मुख्यतः फारसी साधनांतून मिळते. औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या पहिल्या दहा वर्षांचा अधिकृत इतिहास असलेला मुहम्मद काझिम याचा ‘आलमगीरनामा’ हे त्यातील समकालीन साधन होय. खाफीखानाचा इतिहास अठराव्या शतकात पूर्ण झाला. त्यातील वर्णन उत्तरकालीन असले तरी मराठ्यांच्या प्रतिकाराची त्याने मोकळेपणाने नोंद घेतली आहे. इंग्रजीत ग्रँट डफ व जदुनाथ सरकार यांनी या साधनांचा उपयोग केला. मराठी बखरी व परंपरा यांचा भर फिरंगोजींची निष्ठा व शौर्य यांवर आहे. शिबंदी व मुघल फौज यांचे लोकप्रिय लेखनात आढळणारे आकडे परस्परांशी जुळत नाहीत.

उत्तरकाळ व सद्यस्थिती

चाकण पुढे मराठ्यांच्या ताब्यात परत आले. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात १८१८मध्ये लेफ्टनंट कर्नल डीकन याच्या हाताखालील इंग्रज फौजेने किल्ला घेतला. त्यानंतर त्याचे लष्करी महत्त्व संपले.

आज संग्रामदुर्गाचे अवशेष चाकणच्या वस्तीने वेढलेले आहेत. तटाचे व बुरुजांचे काही भाग, प्रवेशमार्गावरील बांधकाम आणि खंदकाच्या खुणा पाहता येतात. किल्ल्याच्या मूळ क्षेत्राच्या मोठ्या भागावर घरे व रस्ते झाले आहेत. गेल्या काही दशकांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रांमुळे व वाहननिर्मिती कारखान्यांमुळे चाकणचा विस्तार झपाट्याने झाला. १६६०मध्ये ज्या कारणाने शाइस्ताखानाला चाकण हवे होते, ते म्हणजे पुणे, नाशिक व अहमदनगरकडील वाटांवरचे मोक्याचे स्थान. उद्योगांच्या वाढीसही तेच स्थान उपयोगी पडले आहे. डोंगरी किल्ल्यांना दुर्गमतेमुळे जे संरक्षण मिळते ते भुईकोटांना मिळत नाही, त्यामुळे वाढत्या शहराच्या मध्यभागी असलेल्या या किल्ल्याचे उरलेले अवशेष जपणे अधिक निकडीचे ठरते.